मदत हवी आहे: वार्धक्यशास्त्र कुठे शिकावे?

म्हादईकाठ:
मला वार्धक्यशास्त्र शिकून ज्येष्ठांसोबतच काम करायचे आहे. घरचे विचारतात की याला नोकरी कोण देणार, आणि माझ्यापाशी उत्तर नाही. चार दिवसांत निर्णय घ्यायचा आहे. कृपया लवकर सांगा.

फोंडेकर:
आपली पदवी कोणत्या विषयाची, हे आपण लिहिलेलेच नाही. डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्ता यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

बांबोळीवासी:
इग्नूची वृद्धरोगचिकित्सेची पदव्युत्तर पदविका घ्या. माझ्या मेहुण्यांनी नोकरी सांभाळून ती पूर्ण केली.

फोंडेकर:
ती पदविका एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी आहे. वृद्धरोगचिकित्सा आजारांवर उपचार करते. वार्धक्यशास्त्र मात्र म्हातारपणाचा शरीर, मन, कुटुंब आणि पैसा अशा सर्व बाजूंनी अभ्यास करते.

बांबोळीवासी:
मेहुणे डॉक्टर आहेत, हे खरे. तरीही माझे मत असे की बी.एस्सी. नर्सिंगच करावे, कारण शुश्रूषा येणाऱ्याला काम शोधत फिरावे लागत नाही.

  

म्हादईकाठ:
माझे मानसशास्त्रात बी.ए. झाले आहे. बारावीला विज्ञान नव्हते, त्यामुळे बी.एस्सी. नर्सिंग शक्य नाही. आजीला स्मृतिभ्रंश होता. ती रात्री उठून माहेरी जायला निघायची, तेव्हा तिला कसे समजवावे, हे आईला सांगणारे कोणीही भेटले नाही. मला ते सांगणारी व्हायचे आहे.

फोंडेकर:
हे कळल्यावर उत्तर सोपे झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय समाजरक्षण संस्थेच्या, पदवीधरांसाठीच्या एक वर्षाची वृद्धसेवा पदविका सध्या चालू आहे का, याची चौकशी करा, समाजकार्यातील एम.ए. हाही पर्याय आहे. आपल्या मनातले काम गोव्यातील तिसवाडी आणि बारदेश तालुक्यांत एका संशोधनात होऊन गेले आहे. तिथे घरोघर जाऊन स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबांना सल्ला देणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, कोकणी जाणणारे, शक्यतो बारावी उत्तीर्ण होते, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे दिसले. घरच्यांना हे अवश्य दाखवा.

आता एवढे सांगा, चार दिवसांची मुदत प्रवेशाची आहे की घरच्यांनी घातलेली?