बालवाडीत 'शॅडो' पालकांनीच आणायची का?

पाटीपेन्सिल (विशेष शिक्षिका)

शहरांतल्या खासगी नर्सऱ्यांमध्ये हल्ली एक वाक्य सर्रास ऐकू येतं : "प्रवेश देतो, पण शॅडो टीचर तुमची तुम्ही आणा." शॅडो म्हणजे वर्गात दिवसभर त्या एकाच मुलासोबत राहणारी मदतनीस. मूल उशिरा बोलतंय, स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका आहे, एका जागी बसत नाही, की लगेच ही अट. माणूस पालकांनी शोधायचा, पगारही त्यांनीच द्यायचा. माझं मत असं की तीन ते सहा वयात ही अट घालूच नये. खर्चाचा प्रश्न मोठा आहेच, पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे.

शॅडो मुलाला खेटून बसते. ताई म्हणाल्या, "चपला काढा", तर मूल ताईंकडे बघतही नाही. शॅडो तेच वाक्य कानाशी पुन्हा म्हणते, नाहीतर स्वतःच चप्पल काढून देते. दोन-तीन महिन्यांत मुलाच्या अंगवळणी पडतं की ताईंचं बोलणं आपल्यासाठी नसतं. ताईंच्याही अंगवळणी पडतं की हे मूल आपलं नाही, शॅडोचं आहे. शेजारचं पोर ठोकळे घेऊन खेळायला आलं तर मध्ये एक मोठं माणूस बसलेलं. चार मुलांत मिसळावं म्हणून बालवाडीत घातलं, आणि नेमकं तेच राहून गेलं.

त्याऐवजी वर्ग बदलावा. पहिलं काम चित्र-वेळापत्रकाचं. दप्तर, गोलात बसणं, खेळ, हात धुणं, डबा, घर अशी पोस्टकार्डाएवढी पाच-सहा चित्रं पुरतात. छापील चित्रांपेक्षा त्याच वर्गात, त्याच बेसिनपाशी काढलेले फोटो चांगले. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर वेल्क्रोने लावायचे आणि एकेक काम संपलं की मुलानेच तो फोटो काढून खालच्या डब्यात टाकायचा. गडबड होते ती अशी : जूनमध्ये पाटी हौसेने लागते आणि पुढे तिच्याकडे कुणी फिरकत नाही. दर बदलाच्या वेळी मुलाला पाटीपर्यंत नेऊन फोटोला हात लावला नाही, तर ती नुसती भिंतीवरची सजावट.

दुसरं काम बोलण्याचं. सूचना दोन-तीन शब्दांची हवी. ती दिल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं आणि गप्प राहायचं. आपण दोन सेकंदांत तीच सूचना दुसऱ्या शब्दांत देतो. आधीच्या शब्दांचा अर्थ लावत असलेल्या मुलाला मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि आपण म्हणतो, "ऐकतच नाही."

अंगणगोष्टी (बालवाडी-संचालिका)

पाटीपेन्सिलताई, चित्रं आणि सूचना मान्य. पण दार उघडं राहिलं की रस्त्याकडे धावत सुटणारं मूल तुमच्या लेखात कुठेच नाही. वीस मुलं, एक ताई, एक मावशी. एका मुलाला शू झाली, मावशी त्याला घेऊन गेली. निकर बदलणं, पुसणं, जागा धुणं यात सहज दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांत ताई एकट्या असतात. तेव्हाच एकाने दुसऱ्याला चावा घेतला आणि तिसरं दाराकडे पळालं, तर ताईंनी कुणाला धरायचं? उरलेल्या सोळा मुलांच्या आईवडिलांनाही आम्हाला उत्तर द्यावं लागतं.

आणि "शॅडो पालकांनी आणावी" यामागे दरवेळी नफ्याचाच विचार असतो असं नाही. लहान बालवाडीत एका पूर्णवेळ माणसाचा पगार वाढला की सगळ्यांची फी वाढवावी लागते. मग काही मुलं त्या फीमुळेच गळतात. तिसरा मोठा माणूस लागतोच. तो कुठून आणायचा ते सांगा, नुसतं "वर्ग बदला" म्हणू नका.

रेतीघर (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

धावत सुटणाऱ्या मुलाबद्दल आधी बोलू, कारण तिथे चालढकल परवडत नाही. दाराला वरच्या बाजूला, मुलाचा हात पोचणार नाही अशी दुसरी कडी लावा. मुलाची जागा दारापासून सर्वांत लांब ठेवा. मग आठ-दहा दिवस एका वहीत तीन रकाने भरा : पळण्याआधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय घडलं. ताईंनी दिवसाला दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. बरेचदा वहीत एकच वेळ पुन्हा पुन्हा दिसते. घंटा वाजली की पळतं, किंवा सगळ्यांचे डबे एकदम उघडले की पळतं. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहतो, आणि खरी माहिती त्यातच असते. मूल पळालं की सगळे मागे धावतात आणि कुणीतरी कडेवर घेतं. काही मुलांसाठी दिवसातली सर्वांत आनंदाची गोष्ट तीच असते. अशा मुलाला घंटेपासून कितीही लांब बसवा, ते पळणारच. कडेवर घेणं पळण्याआधी, मागितल्यावर मिळतं हे त्याला शिकवावं लागतं.

आता बसण्याबद्दल. "एका जागी बसत नाही" ही तक्रार आली की मी आधी खुर्चीखाली बघायला सांगते. पाय लोंबकळत असतील तर कुठलंही मूल चुळबुळ करणारच. तळवे पूर्ण टेकलेले, गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला, एवढं पाहावं. खुर्ची उंच असेल तर पायाखाली पाट ठेवा, नाहीतर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा चिकटपट्टीने आवळून ठेवा. सतरंजीवर मांडी घालून पाठ सरळ राहत नसेल तर खोलीच्या कोपऱ्यात बसवा. दोन्ही भिंतींचा आधार मिळतो आणि हात मोकळे राहतात. स्नायू सैल असलेली मुलं पाठ सांभाळण्यातच दमतात, मग गोष्ट ऐकायला त्यांच्याकडे त्राण उरत नाही.

गोलात बसण्याआधी पाच मिनिटं अंगमेहनतीचं काम द्या. पाण्याच्या बाटल्या भरलेली टोपली ढकलत नेणं, दोन्ही हातांनी भिंत ढकलणं, सतरंजीची गुंडाळी उचलून आणणं. इथे एक चूक फार होते. "दमू दे जरा" म्हणून मुलाला पळायला सोडतात. काही मुलं पळून शांत होत नाहीत, अधिक चेकाळतात. ओढणं, ढकलणं, उचलणं यांनी मात्र बहुतेक मुलं स्थिरावतात.

शांत कोपराही करा. एक गादी, दोन उश्या, वरून ओढणी बांधलेली. तिथे शिक्षा म्हणून एकदा जरी मुलाला बसवलं, तरी तो कोपरा कायमचा वाया गेला असं समजा.

एवढं करूनही अंगणगोष्टींचं म्हणणं मला पटतं. शूच्या त्या दहा मिनिटांसाठी तिसरा माणूस हवाच. फक्त तो वर्गाचा असावा, एका मुलाचा नव्हे.

उंबरठा (पालक)

पालकांच्या बाजूने मला उलटं म्हणायचं आहे. शॅडोला सरसकट वाईट ठरवू नका. शॅडो नसेल तर काय होतं ते पालकांना ठाऊक असतं. साडेदहाला फोन येतो, "आज जरा त्रास देतोय, न्यायला या." आठवड्यातून तीनदा असा फोन आला की आईची नोकरी सुटते आणि मुलाची बालवाडीही. वर्ग बदलेपर्यंत मुलाचं वय थांबत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी न मिळालेली मदत सहाव्या वर्षी भरून काढता येत नाही. म्हणून शॅडोसह का होईना, प्रवेश हवा.

खरी दुखरी जागा वेगळी आहे. विशेष शिक्षकाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. शॅडो म्हणून येणाऱ्यांकडे ती असेलच असं नाही. बारावी झालेली एखादी मुलगी येते. तिला कामाचं स्वरूप कुणी सांगत नाही, ताई तिच्याशी बोलत नाहीत, मग ती मुलाला दिवसभर मांडीवर धरून बसते. दोष तिचा नाही. शाळा म्हणते ती पालकांची माणूस, पालक म्हणतात ती शाळेत काम करते.

पाटीपेन्सिल

उंबरठा, साडेदहाच्या फोनचा मुद्दा बिनतोड आहे. मी माझं म्हणणं दुरुस्त करते. शॅडो असली तर ती ताईंच्या हाताखाली असावी, आणि ती मागे कशी सरकणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं.

मागे सरकणं म्हणजे काय, ते हात धुण्यावरून सांगते. बाही वर, नळ सुरू, हात ओले, साबण, चोळणं, धुणं, नळ बंद, पुसणं. आठ पायऱ्या झाल्या. पहिल्या सात शॅडो मुलाच्या हातावर हात ठेवून करून घेते आणि पुसणं मात्र मुलाचं एकट्याचं. ते चार-पाच दिवस सलग जमलं की नळ बंद करणंही त्याच्याकडे. असं शेवटाकडून मागे यायचं. त्यामुळे काम पूर्ण केल्याचा आनंद दरवेळी मुलाच्या वाट्याला येतो. सुरुवातीकडून शिकवलं तर बाही वर करून ते थांबतं आणि पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातून होतं.

शॅडोने समोर उभं राहायचं नाही, मागे राहायचं. आणि तोंडाने सांगायचं नाही. हाताची मदत कमी करता येते : आधी पूर्ण हात, मग मनगट, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोट दाखवणं, मग काहीच नाही. "आता साबण घे, आता चोळ" ही बोलकी मदत मात्र सुटता सुटत नाही. मूल साबणासमोर उभं राहून ते वाक्य येण्याची वाट पाहत राहतं.

पोषणपाटी (अंगणवाडी पर्यवेक्षिका)

तुमची चर्चा शहरातल्या फी देणाऱ्यांची चालली आहे. अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस. मदतनीस सकाळचा बराच वेळ आहाराच्या कामात. तिथे शॅडो हा शब्दच पोचलेला नाही. तरी मुलं येतात, आणि यायलाच हवीत. दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये आणला. त्यात तीन टप्पे आहेत : लवकर ओळख, अंगणवाडीत आणि गावात सामावून घेणं, आणि पुढच्या तपासणीसाठी पाठवणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याच्या फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं आणि पुढचे उपचार जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत.

गाडं अडतं ते चिठ्ठी दिल्यानंतर. जिल्ह्याला जायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते. पहिल्या फेरीत तपासणी पूर्ण होतेच असं नाही आणि दुसऱ्या फेरीला कुणी जात नाही. म्हणून चिठ्ठी देऊन थांबू नये. आशाताईंना सोबत घेऊन तारीख पक्की करावी, आणि महिन्याने "गेलात का?" हे घरी जाऊन विचारावं.

दुसरं, न बोलणाऱ्या मुलाची आधी कानाची तपासणी. मागून खुळखुळा वाजवला आणि मूल वळलं म्हणून ऐकू येतं असं समजू नका. सावली दिसते, जमीन हादरते, त्यानेही मूल वळतं. बेरासारखी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते यंत्राने मोजणारी) तपासणी होईपर्यंत "हट्टी आहे", "स्वमग्न आहे" असलं काही बोलू नये. कानामागे मशीन असलेल्या मुलाला शिकवताना सेविकेने खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये. उजेड मागून आला की ओठ काळे दिसतात.

अंगणगोष्टी

पोषणपाटीताई, तुमच्याकडे निदान व्यवस्था कागदावर तरी आहे. आमच्याकडे तीही नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वयाचा, शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 चा. 2020 चं राष्ट्रीय धोरण 3 ते 8 हा एकच पायाभूत टप्पा मानतं, पण खासगी बालवाडीला तिसऱ्या माणसासाठी त्यातून पैसा येत नाही. त्यामुळे काही मुलांसाठी मी अजूनही स्वतंत्र माणूस मागेन. फिट्स आटोक्यात नसलेलं मूल किंवा नळीने अन्न घेणारं मूल फक्त ताईंच्या भरवशावर ठेवणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

रेतीघर

नळीचं मान्य, तिथे शिकलेला हात हवा. फिट्सचं नाही. फिट कुठेही येऊ शकते, म्हणून सगळ्याच ताईंना आणि मावशींना हे यायला हवं : घड्याळ बघा, मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या खुर्च्या सरकवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा थांबून लगेच पुन्हा आली, तर थेट रुग्णालय. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर तो दप्तरात नको, ताईंच्या कपाटात हवा, वर मुलाचं नाव आणि मात्रा लिहून.

उंबरठा

मग शॅडो ठेवायचीच झाली तर लेखी काय घ्यावं? प्रवेशाच्या वेळी पालक कशालाही हो म्हणतात.

पाटीपेन्सिल

एक पान पुरे. शॅडोला रोजचं काम ताई सांगतील. ती मुलापासून किती लांब बसेल : पहिला महिना शेजारी, मग एक हात मागे, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाकी मुलांना मदत करत. दिवसातल्या कोणत्या दोन वेळा ती अजिबात मध्ये पडणार नाही. माझ्या मते डबा आणि मोकळा खेळ. ती आजारी पडली तरी शाळा मुलाला घरी ठेवायला सांगणार नाही, ही ओळ नक्की घ्या. आणि दिवाळीनंतर एकत्र बसून, ती हवी की नको, हे ठरवायचं.

अंगणगोष्टी

दिवाळी फार लवकर होते. जून-जुलै सगळ्याच मुलांच्या रडण्यात जातात, मग गणपतीची सुट्टी, मग सर्दी-तापाचे खाडे. सलग दिवस मिळतात ते नोव्हेंबर ते जानेवारी. संक्रांतीनंतरची तारीख घाला. आणि आजारपणाची ती ओळ मी मान्य करते, पण त्या दिवशी मावशीला आहार-स्वच्छतेच्या कामातून मोकळं ठेवायचं, हेही त्याच पानावर लिहा.