वाइनच्या गावात आरव्हीमध्ये तीन रात्री, आम्हाला झेपेल का?

असगोलीची_ताई

नमस्कार मंडळी. लेक सॅन होजेला असते. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून तिने आणि जावयांनी पासो रोबल्स नावाच्या गावी तीन रात्री ठरवल्या आहेत. हॉटेल नाही, आरव्ही रिसॉर्ट. म्हणजे मोटारीतच घर, आणि ती मोटार उभी करायला भाड्याची जागा. फोटो पाहिले. पोहायचा तलाव, कुंपणापलीकडे द्राक्षांचे मळे, प्रत्येक गाडीपुढे फरसबंद अंगण. दिसतं फार सुंदर, पण मला धाकधूक आहे.

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. गाडीला पायऱ्या किती असतात? संडास-मोरीचं कसं? आम्ही दोघंही दारूला शिवत नाही, मग तीन दिवस तिथे करायचं काय? आणि मला स्वयंपाक करता येईल का, माझा मिक्सर नेऊ का? लेकीला विचारलं की म्हणते, "आई, सगळं आहे तिथे." मला ते सगळं म्हणजे काय, ते कळायला हवंय.

दापोली_आगार

ताई, जा. मी गेल्या सप्टेंबरात मुलाबरोबर त्याच गावी चार रात्री राहून आलो. एकतीस वर्षं एसटी चालवली, कशेडी आणि कुंभार्लीत आयुष्य गेलं, त्यामुळे गाडीचंच आधी सांगतो.

आमची गाडी बसच्या तोंडाची होती, क्लास ए म्हणतात ती. दार उघडलं की खाली दोन पायऱ्या आपोआप बाहेर येतात, आत आणखी दोन, आणि धरायला भक्कम दांडा. तुमच्या यजमानांना तेवढं जमेल. खरी अडचण पलंगाची असते. पुष्कळ गाड्यांत पलंग भिंतीला टेकलेला असतो आणि रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. लेकीला एवढंच विचारा, "पलंगाला दोन्ही बाजूंनी चालत जाता येतं का?" आणि चालकाच्या डोक्यावर शिडीने चढायचा माळा असतो, तिथे ह्यांना झोपवू नका.

जागेवर उभी केली की गाडी तिच्या खालून निघणाऱ्या जॅकच्या पायांवर समतल करतात आणि बटण दाबून एक भिंत बाहेर सरकवतात. बसायची खोली एकदम रुंद होते. मी ते तीनदा करायला लावलं, इतकं आवडलं.

संडास आतच. खाली दोन टाक्या असतात, संडासाची काळी आणि मोरी-सिंकची करडी. काळीची झडप रोज बंदच ठेवायची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि मैला तळाशी बसतो. आपण पाणी वापरणारे लोक, ते टाकीला चांगलंच. निघताना आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे पाइप धुऊन निघतो. हे काम जावई करतील, पण तुम्हाला माहीत असलं की घाबरायला होत नाही. गरम पाण्याची टाकी मात्र लहान, आमची सहा गॅलनची, म्हणजे तेवीस लिटर. पहिल्या दिवशी मुलाने अंघोळ केली आणि मला थंड पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून मी रिसॉर्टच्या मोठ्या न्हाणीघरात जायला लागलो. स्वच्छ होतं, आणि कठडे होते.

मिक्सर नेऊ नका. तिथे वीज १२० व्होल्टची, आपला २३० चा तिथे नीट फिरणारच नाही. कुकर न्या. आत गॅसची शेगडी असते, पण फोडणी टाकली की धुराचा भोंगा वाजतो. मासे, फोडणी, पापड हे सगळं अंगणात. प्रत्येक जागेला मेज असतं. आम्ही संध्याकाळी तिथेच भात-आमटी केली.

आता तीन दिवस करायचं काय. मीही घेत नाही. पण तिथे मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते वाइनबद्दलचंच, आणि ते चाखण्याशी संबंधित नव्हतं.

दुसऱ्या रात्री साडेतीनला जाग आली. सवयच आहे, पहाटेच्या गाडीची. खिडकीतून पाहतो तर पलीकडच्या मळ्यात दिवेच दिवे, ट्रॅक्टर सावकाश चाललेला, मागे माणसं वाकलेली. मला वाटलं काही अपघात झालाय. सकाळी ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, तोडणी चालू आहे. दिवसा तापलेलं द्राक्ष तोडलं तर टोपलीतच आंबायला लागतं, म्हणून थंड असताना रात्री तोडतात. त्या भागात दुपारी पस्तीसला पोचायचं आणि पहाटे मला शाल लागायची. पश्चिमेच्या डोंगररांगेत टेम्पल्टन या शेजारच्या गावाजवळ खिंड आहे, तिथून संध्याकाळी समुद्राचा वारा आत येतो. रात्र थंड झाली की द्राक्षात आंबटपणा टिकतो. ताई, आपण हापूसच्या मोहरासाठी डिसेंबरात थंडीची वाट बघतो, तसेच ते लोक बघतात. भुरी त्यांच्याकडेही पडते, आणि तेही गंधकच मारतात. मुलाने भाषांतर केलं आणि एका मळेवाल्याशी मी अर्धा तास बोललो. काही जुन्या वेलींना तो पाणीच देत नाही, पावसावरच. मी त्याला कातळावरच्या काजूचं सांगितलं. त्याने माझा हात धरून मला वेलीच्या बुंध्यापाशी नेलं. घरी आल्यावर बायकोला हे सांगताना मला गहिवरून आलं होतं.

म्हणून मळ्यात जा, "आम्ही पीत नाही, मळा बघायचाय," म्हणा. कुणाला वाईट वाटत नाही. ऑलिव्हचं तेल चाखवणारी शेतंही तिथे आहेत. ऑक्टोबरात रस आंबत असेल, गावभर वास येतो, साधारण मे महिन्यात बोंडूंच्या ढिगाचा येतो तसा.

एक सांगायचं राहिलं. गाडी एकदा पायांवर उभी केली की भाजी आणायला ती काढता येत नाही. लेकीची साधी कार बरोबर असू द्या.

वेंगुर्ल्याची_सून

मी सहा वर्षं सॅक्रामेंटोला होते, आता परत गावी. दादांनी सांगितलं ते बरोबर आहे. दोन गोष्टी जावयांसाठी. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपर्यंतचं मोटारघर साध्या परवान्यावर चालवता येतं, त्याहून लांब असेल तर वेगळा परवाना लागतो. आणि महागड्या रिसॉर्टांपैकी बऱ्याच ठिकाणी दहा वर्षांहून जुनी गाडी आत घेत नाहीत, किंवा आधी फोटो मागतात. गाडी भाड्याची असेल तर ती कोणत्या वर्षाची ते बुकिंगआधी विचारायला सांगा. आमचं एकदा याच कारणाने फाटकावर अडलं होतं. मुलं लहान, रात्रीचे नऊ वाजलेले. शिवाय काही मालक गाडी जागेवर आणून, लावून देतात. पहिल्यांदाच जाताय तर तसं घ्या, चालवायचा ताणच नको.

मालवण_बंदर

काकी, तुमच्या धाग्यात माझा प्रश्न घुसवतो, राग मानू नका. आमची माडाची वाडी आहे, होमस्टे चालतो. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं तेव्हापासून डोक्यात आहे, तीन गाड्यांपुरती जागा करावी. दादा, तिथे एका जागेला नेमकं काय काय असतं?

दापोली_आगार

भावा, कोपऱ्यात एक खांब, त्यावर विजेचे दोन सॉकेट, तीस आणि पन्नास अँपिअरचे. तीसवर साधारण ३,६०० वॅट मिळतात, म्हणजे एक एसी आणि थोडं काही. पन्नासवर १२,०००. शेजारी पाण्याचा नळ, आणि जमिनीत झाकणाचं सांडपाण्याचं तोंड. तिन्ही असलं की त्याला फुल हूक-अप म्हणतात. रात्री दहानंतर आवाज बंद.

वीज-पाणी तू करशील. सांडपाण्याचा मात्र पुरता विचार कर. आपली किनाऱ्याची जमीन वाळूची, पाणी हाताभर खाली, आणि शेजाऱ्याची विहीर चार माडांपलीकडे. गाड्यांच्या टाकीत लोक वासासाठी औषधं ओततात, त्यातली काही सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतात. घराच्या टाकीला ते जोडू नकोस, वेगळी कर. आणि कोणत्या आकाराची गाडी तुझ्या पाणंदीतून आत येईल ते आधी मोज. चिऱ्याच्या गडग्यांमधून एसटी काढलेला माणूस हे सांगतोय.

असगोलीची_ताई

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. लेकीला पलंगाचं विचारलं, तर भिंतीला टेकलेलाच निघाला. गाडी बदलून घेतेय, आणि जागेवर आणून देणारा मालक शोधतेय. मिक्सर ठेवला, चटणी इथूनच वाटून, भाजून नेईन.

हे तुमचं उत्तर दोनदा वाचून बसलेत. विचारतायत, तिथून समुद्र किती लांब?

दापोली_आगार

ताई, कारने पाऊण तास. ४६ नंबरचा रस्ता डोंगरावरून पश्चिमेला उतरतो, घाट कशेडीपेक्षा सोपा. माथ्यावर आलात की धुकं नसेल तर डावीकडे लांबवर समुद्र दिसतो आणि त्यात मोरो रॉक, ज्वालामुखीचा उभा दगड, पावणेदोनशे मीटर उंच. खाली किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेलात की पिएद्रास ब्लांकास या किनाऱ्यावर वाळूत हत्ती सील, म्हणजे सोंडेसारख्या नाकाचे मोठे समुद्री प्राणी, लोळत असतात, बघायला पैसे नाहीत आणि लाकडी वाट सपाट आहे, गुडघ्याला त्रास नाही.

ह्यांना चालकाच्या मागे बसवा. तिथे चालक डावीकडे असतो, म्हणजे खिडकी समुद्राकडची मिळेल.