मदत हवी आहे: वाटपाच्या दाव्यात हायकोर्टात दुसरे अपील, कायद्याचा प्रश्न कसा मांडायचा?

बांधावरचा:
सातारा जिल्ह्यातली वडिलोपार्जित शेतजमीन. वडील २००१ मध्ये वारले. बहिणीने २०१२ मध्ये दोन भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावला. ९ सप्टेंबर २००५ ला (हिंदू उत्तराधिकार कायद्यातली मुलींच्या हक्काची दुरुस्ती लागू झाली तेव्हा) वडील हयात नव्हते म्हणून मुलगी सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क असलेली) नाही, असे सांगून दिवाणी न्यायालयाने २०१७ मध्ये तो फेटाळला. जिल्हा न्यायालयाने आता अपीलही फेटाळले, पण कारण वेगळे. वडिलांच्या मृत्यूची आडकाठी नाही, मात्र १९९८ मध्ये तोंडी वाटप झाले होते आणि तसा फेरफार आहे, असे निकालात म्हटले आहे. हायकोर्ट हा फेरफार पुन्हा तपासेल का? बहिणीच्या अपिलाच्या मेमोत (लेखी अर्जात) काय लिहावे? मुदत किती?

कलम शंभर:
आधी मुदत. जिल्हा न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवस. निकालपत्र आणि हुकूमनामा (डिक्री), दोन्हींच्या नकलांसाठी लगेच अर्ज करा. अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात. तयार नक्कल कोणी उचललीच नाही तर पुढचे दिवस मात्र वजा होत नाहीत. उशीर झालाच तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली माफीचा अर्ज सोबत हवा. हायकोर्टाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे आणि सातारा त्यात येतो, त्यामुळे अपील तिथे.

आता मुख्य मुद्दा. दुसरे अपील म्हणजे तिसऱ्यांदा चाललेला दावा नव्हे. १९७६ च्या दुरुस्तीपासून दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १०० फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच दार उघडते. तो प्रश्न मेमोत नेमकेपणाने लिहावा लागतो, कोर्ट दाखल करून घेताना तो ठरवते आणि सुनावणी त्यावरच होते. "खालच्या कोर्टाने पुरावा नीट पाहिला नाही" ही तक्रार झाली, प्रश्न नव्हे. असले मेमो पहिल्याच तारखेला पडतात.

वाटप झाले की नाही ही वस्तुस्थिती. पण ते ठरवताना लावलेली कसोटी चुकली, सिद्धतेचा भार चुकीच्या बाजूवर टाकला, कसलाही पुरावा नसताना निष्कर्ष काढला किंवा निर्णायक कागद वगळला, तर तो कायद्याचा प्रश्न होतो. तुमची लढाई कसोटीवर आहे. मेमोत साधारण असे लिहा: "हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६(५) चे स्पष्टीकरण पाहता, नोंदणीकृत वाटपपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा नसताना, केवळ १९९८ च्या फेरफारावरून तोंडी वाटप सिद्ध धरणे कायद्याने योग्य आहे का?"

ओळीओळीने:
कलम ६ चे शब्द धरूनच युक्तिवाद करा, कारण कोर्ट तिथूनच सुरुवात करते. मुलगी "जन्मतः" आणि "मुलाप्रमाणेच" सहदायाद होते, असे ६(१) म्हणते. हक्क जन्माने येत असेल तर २००५ मध्ये बाप हयात असण्याची अट त्यात वाचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने हेच सांगून, ती अट घालणारा आधीचा फुलवती निकाल बाजूला सारला. अपील म्हणजे दाव्याचाच पुढचा भाग, म्हणून २०१२ च्या दाव्यालाही तो लागू.

पण तोच निकाल तुमच्यावर उलटूही शकतो. २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटपे कायद्याने वाचवली आहेत. वाटप म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा हुकूमनामा, असे स्पष्टीकरण असले तरी सार्वजनिक कागदांचा भक्कम आधार असलेले तोंडी वाटप अपवाद म्हणून मान्य होऊ शकते, अशी जागा निकालात ठेवली आहे. फेरफार हाच तो कागद, असे भाऊ म्हणणार. म्हणून फेरफाराची नक्कल बारकाईने वाचा. वाटपाचा उल्लेख आहे की नुसती वहिवाटीची नोंद? हितसंबंधितांना नोटीस गेली होती का? १९९८ नंतर आठ-अ (खातेउतारा), पीककर्ज, शेतसारा वेगवेगळे झाले का? ही कागदपत्रे दाव्यात निशाणी पडलेली (पुरावा म्हणून क्रमांक मिळालेली) हवीत. हायकोर्टात नवा कागद आणायला आदेश ४१ नियम २७ आहे, पण ती वाट अरुंद आहे.

कलम शंभर:
आणखी एक. दिवाणी न्यायालयाने वाटपाचा मुद्दा ठरवला होता का? "उरत नाही" म्हणून सोडला असेल तर दोन्ही कोर्टांचे एकमत नाही आणि ही तुमची जमेची बाजू. जिल्हा न्यायालयाने आदेश ४१ नियम ३१ प्रमाणे तो विचारार्थ मुद्दा म्हणून काढून कारणे दिली का, तेही बघा. नसेल तर त्यावर वेगळा प्रश्न लिहा. मात्र फक्त फेरचौकशी मागू नका, प्रकरण खाली गेले की पुन्हा वर्षे जातात. पुरावा पुरेसा असेल तर कलम १०३ खाली हायकोर्टानेच मुद्दा ठरवावा, ही मागणी आधी लिहा.

बांधावरचा:
मुद्दा "उरत नाही" असेच आहे. बहिणीचे लग्न १९९६ चे. दाव्यात लिहिले आहे आणि कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) भावांनी कबूल केले आहे.

ओळीओळीने:
मग हाच पहिला प्रश्न करा! हिंदू उत्तराधिकार कायद्यातली महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. कलम २९अ ने मुलीला तेव्हाच जन्मतः सहदायाद केले आणि वाटपात मुलाइतका हिस्सा दिला. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. तुमच्या ताई त्यात बसत नाहीत. म्हणजे भाऊ म्हणतात ते १९९८ चे वाटप खरे धरले तरी, हिस्सेदार असलेल्या बहिणीला वगळून केलेले ते वाटप तिला बांधील कसे? खाली हा मुद्दा घेतला नसला तरी कबूल तथ्यांवर उभा असलेला शुद्ध कायद्याचा प्रश्न दुसऱ्या अपिलात प्रथमच घेता येतो. त्याखाली दाव्याचा आणि कैफियतीचा परिच्छेद क्रमांक लिहा, म्हणजे न्यायमूर्तींना कबुली शोधावी लागणार नाही.

बांधावरचा:
भावांची जमीन विकायची बोलणी चालू आहेत. स्थगिती मिळेल?

कलम शंभर:
दावाच फेटाळला गेल्यामुळे स्थगिती देण्यासारखे काही नाही. अपिलासोबत मनाई हुकमाचा स्वतंत्र अर्ज लावा: विक्री, गहाण, तिऱ्हाइताचा हक्क, काहीही निर्माण करू नये. शिवाय दाव्याची लिस पेंडन्सची (या जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली आहे का ते पाहा. नसेल तर अपील दाखल होताच सर्व गट नंबर घालून नोंदवा. एकही गट सुटू देऊ नका.