कर्जाचा हिशेब हप्त्यापासून नाही, व्याजापासून करा

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेत एमएस (पदव्युत्तर पदवी) केलं की डॉलरमधल्या पगारातून दोन वर्षांत कर्ज फिटतं. मला हे पटत नाही, कारण या गणितात शिकतानाचं व्याज कुणी धरतच नाही.

समजा ११ टक्क्यांनी ४० लाख घेतले आणि चार सेमिस्टरला दहा-दहा लाख उचलले. दोन वर्षं शिक्षण, पुढे एक वर्ष सवलतीचं. हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. तीन वर्षांअखेर सरळव्याजानेच जवळपास दहा लाख चढतात. त्या ५० लाखांचा दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे ६९ हजार. तिकडे नोकरी असेल तर जमेल. पण पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि स्टेम विषय (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तर आणखी दोन, एवढीच मुदत. पुढे एच-वन-बीची, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाची, सोडत. सोडतीत नंबर लागला नाही आणि परत यावं लागलं, तर पुण्यातल्या पगारातून ६९ हजार कुठून काढायचे?

माझ्या भाचीसाठी तिच्या बाबांनी राहता फ्लॅट तारण ठेवलाय. पोरगी हुशार आहे, कष्टाळू आहे, तरी त्या घरात दोन वर्षं कुणी नीट झोपलेलं नाही. म्हणून पोटतिडकीने लिहितेय.

शिकायला जाऊच नका असं नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्गसारखे अपवाद आहेत), राहण्याचा खर्च मात्र लागतोच. आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०ई) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तीही जास्तीत जास्त आठ वर्षं.