तान्ह्या पोळ्याचा बोजारा मुलांच्या वॉर्डाला द्यायचा आहे. कसा द्यावा?

मानेवाडावाला

राम राम मंडळी. नागपूरला आमच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे वसाहतीत, दरवर्षी तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा पोळा भरतो. पोट्टे लाकडी नंदी सजवून आणतात, बक्षिसं होतात, मग घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे-खाऊ, मागत फिरतात. यंदा पोट्ट्यांनीच टूम काढली की बोजारा खिशात न घालता एका डब्यात टाकायचा आणि सरकारी दवाखान्यातल्या लहान मुलांसाठी द्यायचा. आमच्यातली एक मुलगी मागच्या पावसाळ्यात डेंग्यूने भरती होती, तिच्या डोक्यातून हे निघालं. पोरांनी एवढं केलं म्हटल्यावर मोठेही सरसावले. वर्गणी धरून 40-45 हजार जमतील.

आता घोडं इथं अडलं. बायका म्हणतात दूध पावडरचे डबे देऊ. तरुण मंडळी म्हणते फळं, बिस्किटं, टेडी. एक काका म्हणतात, नेऊन द्या पैसे आणि व्हा मोकळे. बॅनरवाला तर आताच नगरसेवकाचा फोटो मागून राहिला. पैसे सध्या माझ्याच जीपेवर येऊन राहिले आहेत. ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी सांगा ना भाऊ.

निवृत्त_सिस्टर

दादा, मी उभी नोकरी मुलांच्या वॉर्डात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दूध पावडर. ती आजच यादीतून काढा. 1992 चा कायदा आहे: तान्ह्या बाळांची दूध पावडर आणि दुधाच्या बाटल्या कुणी दान करायच्या नाहीत, अनाथालयाचा तेवढा अपवाद. कारण साधं आहे. फुकटचा डबा मिळाला की आईचं अंगावरचं दूध मागे पडतं, ते आटतं, आणि डबा संपल्यावर दुसरा घ्यायची ऐपत नसते. मग तीच पावडर पातळ करून, नळाच्या पाण्यात कालवून पाजतात आणि बाळ जुलाबाने परत आमच्याकडे.

फळं-बिस्किटं वाटणाऱ्यांचा भाव चांगला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण वॉर्डात एकेका पलंगाचं पथ्य वेगळं. किडनीच्या आजाराने अंगावर सूज आलेला पोरगा असतो. त्याचं मीठ बंद, आणि स्टेरॉइड चालू असल्यामुळे भूक अशी की समोर दिसेल ते खाईल. त्याच्या हातात कुणीतरी चिप्सचं पाकीट देतं, त्याचा हसरा फोटो काढतं आणि पुढच्या पलंगाकडे जातं. फोटोवाले दारातून बाहेर पडले की ते पाकीट काढून घ्यायचं काम आमचं. तो जो टाहो फोडतो ना, तो कुणाच्या फोटोत येत नाही. ब्लड कॅन्सरच्या मुलांना कापलेली फळं चालत नाहीत, थॅलेसेमियाच्या, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागतं त्या मुलांना लोहाचं टॉनिक चालत नाही. तुम्हाला बाहेरून हे कसं कळणार? टेडीचं म्हणाल तर त्यात धूळ बसते, तो धुता येत नाही, या मुलाच्या अंगावरून त्या मुलाच्या अंगावर जातो. खेळणंच द्यायचं तर साबणाने धुता येईल असं द्या. चित्रं रंगवायची वही आणि खडू त्याहून बरे, घरी जाताना पोरगं सोबत नेतं.

मग द्यायचं काय? ते तुम्ही घरी बसून ठरवू नका. दोन माणसं या, दुपारी, डॉक्टरांचा राउंड आटोपल्यावर. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला भेटा आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटा. हे पद बहुतेकांना माहीतच नसतं. कोण कुठून आलंय, कुणाचं सरकारी योजनेचं कार्ड चालत नाही, सुट्टी होऊनही कुणाकडे परत जायला भाडं नाही, हे सगळं त्यांच्याकडे कळतं. फुकट उपचाराची महात्मा फुले योजना महाराष्ट्रातल्या लोकांना आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशातून, बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहून किती पेशंट येतात ते नागपूरकरांना सांगायला नको. त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असलं तर ठीक, नाहीतर बाप बाहेरच्या तपासणीची चिठ्ठी हातात घेऊन जिन्यात बसलेला असतो. ती चिठ्ठी घडी घालून घालून मऊ पडलेली असते, अक्षरसुद्धा पुसट होतं. तुमचे 40 हजार अशा जागी लागतात.

वस्तू द्यायची असेल, समजा लहान मुलांचे मास्क असलेले नेब्युलायझर (श्वासावाटे औषध द्यायचं यंत्र), तर अधिष्ठात्यांच्या, म्हणजे दवाखान्याच्या डीनच्या नावाने पत्र द्या, रीतसर स्वीकारलं जाऊ द्या आणि साठा रजिस्टरला नोंद झाली का ते बघा. नोंद नसली की बिघडल्यावर दुरुस्तीला कुणी पुढं येत नाही. आणि वॉर्डात कुणाच्याही हातात रोख द्यायची नाही, मागितली तरी नाही.

हिशेबनीस_धरमपेठ

सिस्टरनी सांगितलंच, मी फक्त पैशाचं बोलतो.

जीपेवरचं आधी थांबवा. तुमच्या पगाराच्या खात्यात लोकांची वर्गणी मिसळली की उद्या हिशेब मागणारा शेजारीच असतो, इन्कम टॅक्सवाले नंतर. धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41क लागतं, गणेश मंडळं ज्याखाली परवानगी घेतात तेच. तुमच्या ले-आऊटचं गणेश मंडळ असेलच, ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाणारच असेल, तिथंच या कामाचंही विचारून घ्या.

सोपा रस्ता म्हणजे मुलांच्या उपचारासाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था धरा आणि ज्याने त्याने थेट तिच्या खात्यात पैसे टाकावे. 80जी म्हणतात ती करसवलतीची मान्यता त्या संस्थेला असेल तर देणाऱ्याला करात सूट मिळते, पण जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. आणि 2000 रुपयांच्या वर रोख दिली तर तीही नाही. पोरांच्या डब्यातली चिल्लर मंडळाने मोजून, सह्या घेऊन भरावी. मोजायला पोट्ट्यांनाच बसवा, मोठ्यांपेक्षा हिशेब चोख ठेवतात.

तुमसरकर

माझा मुलगा सिकलसेलचा आहे, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार, आई-बाप दोघांकडून आलेला एसएस प्रकार. नागपूरला येणं-जाणं चालूच असतं. थंडी पडली, पाणी कमी पिलं की दुखणं सुरू होतं, हाडं फोडल्यासारखा रडतो. औषध आणि रक्त सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, खोटं कशाला बोलू. पण एकदा यायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते, बसभाडं लागतं, जेवण लागतं, आणि भरती केलं तर एक जण वॉर्डात आणि एक जण बाहेर चटईवर. योजनेत याचे पैसे नसतात.

दुसरं म्हणजे रक्त फुकट आहे, पण असलं तर ना. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, तेव्हा फार वाट पहावी लागते. थॅलेसेमियाची पोरं तर दर तीन-चार आठवड्यांनी रक्तावरच असतात. पोळ्याला रक्तदान शिबिर घ्या, पण मे महिन्यातही एक घ्या असं मी म्हणतो. त्याला वर्गणीही लागत नाही.

मानेवाडावाला

वाचून बायकोलाही दाखवलं, दूध पावडर रद्द. जीपे बंद केला, आलेले पैसे मंडळाच्या खात्यात वळवतो, अध्यक्षांशी बोलणं झालं. तुमसरकर भाऊ, मे महिन्याचं शिबिर डोक्यात ठेवतो. आमच्याकडे तरुण पोरं भरपूर आहेत, उन्हात क्रिकेट खेळूनच राहतात.

सिस्टर, एक विचारू? पोट्टे म्हणतात आम्ही स्वतः नंदी घेऊन वॉर्डात जाऊ, आतल्या मुलांना दाखवू. नेता येईल काय?

निवृत्त_सिस्टर

वॉर्डात नाही हो दादा. बारा वर्षांखालच्यांना आत सोडतच नाहीत बहुतेक ठिकाणी, आणि ते बरंच आहे. पावसाळ्यात तुमच्यातल्या एखाद्या पोराला सर्दी-खोकला असणार, तो आतल्या मुलाला झेपायचा नाही.

पण लाकडी नंदी धुता येतो. लहान, बिनचाकाचे, टोकं नसलेले, रंग न सुटणारे निवडा आणि आधी इन्चार्ज सिस्टरला एक दाखवून घ्या. ती हो म्हणाली तर पाठवा. आतल्या पोरांचाही पोळा होईल, नाहीतर ती त्या दिवशी खिडकीतून रस्ताच बघत असतात. सजावटीला चमकी आणि मणी मात्र नको, बारकी पोरं तोंडात घालतात. आणि नगरसेवकाला बॅनर ले-आऊटमध्येच लावू द्या.