ल्युपसमधील भ्रम: आजारामुळे की स्टेरॉइडमुळे?

प्रश्न (परभणी जिल्हा):
माझ्या धाकट्या बहिणीला, वय २६, तीन वर्षांपासून ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) आहे. लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ६० मिलिग्रॅमपर्यंत वाढवले आणि नवव्या दिवसापासून ती असंबद्ध बोलू लागली. रात्रभर एकच चादर घडी घालते आणि उलगडते; मृगाचा पाऊस पडून गेला तरी ‘ज्वारीची काढणी उरकली का’ असे विचारते, आणि सकाळी मात्र बरीचशी भानावर असते. शेजाऱ्यांनी ‘बाहेरचे’ म्हणून अंगारा आणून दिला, तो विषय सोडून देतो. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे. एक डॉक्टर म्हणतात, ल्युपस मेंदूत गेला, डोस वाढवा. दुसरे म्हणतात, स्टेरॉइडचा परिणाम आहे, डोस कमी करा. हे ठरते तरी कसे?

उत्तर १ (फिजिशियन, लातूर):
संधिवाततज्ज्ञांची संघटना असलेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने 1999 मध्ये ल्युपसमधील मज्जासंस्थेच्या आणि मानसिक अशा 19 विकारांची यादी केली. त्यांपैकी 12 मेंदू व मज्जारज्जूचे आणि 7 बाहेरच्या नसांचे. यादीमुळे विकाराला नाव मिळते, कारण मिळत नाही. डोकेदुखी आणि चिंता हेही त्या यादीत आहेत, आणि ती कोणाला नसतात?

आपल्या वर्णनातील ज्वारीचा प्रश्न मला एमआरआयपेक्षा बोलका वाटतो. काळाचे भान सुटणे आणि दिवसभरात शुद्धी कमीजास्त होणे हे निव्वळ सायकोसिसपेक्षा (वास्तवाशी संबंध तुटण्याचा मानसिक विकार) डिलिरियमकडे (शारीरिक कारणाने अचानक येणारा गोंधळ) अधिक बोट दाखवते, आणि डिलिरियम म्हटले की ल्युपसच्या आधी जंतुसंसर्ग, सोडियम, साखर, किडनी आणि इतर औषधे तपासावी लागतात. स्टेरॉइडचा परिणाम बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत आणि मोठ्या डोसवर दिसतो, म्हणून तो संशयही रास्त आहे. सी3, सी4 आणि डीएसडीएनए या रक्ततपासण्या आजाराचा जोर सांगतात. परंतु मेंदूतील ल्युपस एकट्याने सिद्ध करणारी कोणतीही तपासणी नाही, आणि एमआरआय नॉर्मल असूनही तो असू शकतो. ताप असल्यास पाठीतील पाणी तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नये, कारण आपल्याकडे टीबीचा मेंदूज्वर विसरून चालत नाही. स्टेरॉइड मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका.

उत्तर २ (नांदेड):
मी स्वतः रुग्ण आहे. मला आलेली पहिली फिट अनेक महिने साधी मिरगी म्हणून हाताळली गेली. पुढे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे निघाली, ती 12 आठवड्यांनी पुन्हा तपासून पक्की झाली आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. बहिणीच्या स्टेरॉइडचा डोस कोणत्या तारखेला बदलला आणि तिचे बोलणे कधी बिघडले, हे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून दोन्ही डॉक्टरांना दाखवा. माझ्या बाबतीत फाइलपेक्षा तोच कागद अधिक वाचला गेला.

प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. कागद लिहिताना लक्षात आले की, बोलणे बिघडण्याच्या दोन दिवस आधीपासून तिला संध्याकाळी कणकण येत होती आणि आम्ही ती उकाड्यावर ढकलली होती. सोडियम आणि साखर ठीक आली. उद्या सकाळी पाठीतील पाणी काढणार आहेत.