परफोरेशनच्या लॅपरोटॉमीनंतर जखम पिकण्याचा अभ्यास: थिसिससाठी ६० रुग्ण पुरतील का?

जेआर१_सर्जरी

नमस्कार. मराठवाड्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमएस जनरल सर्जरी, पहिलं वर्ष. सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) पुढच्या महिन्यात आयईसीसमोर (संस्थेची नैतिकता समिती) ठेवायचा आहे.

विषय: परफोरेशन पेरिटोनायटिससाठी (जठर किंवा आतड्याला छिद्र पडून पोटात पसरलेला संसर्ग) मिडलाइन लॅपरोटॉमी (पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेऊन केलेली शस्त्रक्रिया) झालेल्या रुग्णांत त्वचेखाली निगेटिव्ह सक्शन ड्रेन (साचलेलं पाणी ओढून घेणारी नळी) ठेवला तर एसएसआय (शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग) कमी होतो का. एका गटात ३० ड्रेनचे, दुसऱ्यात ३० बिनड्रेनचे. सम तारखेला आलेल्याला ड्रेन, विषम तारखेच्या रुग्णाला नाही. जखम डिस्चार्जच्या दिवशी बघायची. विभागातल्या जुन्या थिसिसांची रचना साधारण अशीच आहे. रुग्ण महिन्याला १० च्या आसपास मिळतात आणि नोंदणीला १८ महिने आहेत.

६० पुरतील का? आणि आयईसी कशावर अडवेल?

पीएसएम_बायोस्टॅट

आधी आकडे मांडू. ड्रेनशिवाय ४० टक्के जखमा पिकतात आणि ड्रेनने ते प्रमाण २० वर येईल असं धरा. हा फायदा फार मोठा आहे, खऱ्या आयुष्यात इतका क्वचित मिळतो. तरीही ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ठेवून गणित असं होतं (७.८४ हा या दोन्हींवरून येणारा गुणक):

७.८४ × (०.४ × ०.६ + ०.२ × ०.८) ÷ (०.२)² = ७८.४

म्हणजे एका गटात ७९. पाठपुराव्यात २० टक्के गळती धरली की ७९ ÷ ०.८, म्हणजे ९९. दोन्ही गट मिळून १९८. तुमच्याकडे १८ महिन्यांत १८० येणार, आणि निकषांत न बसणारे व संमती न देणारे त्यातूनच वजा होणार.

३०-३० मध्ये काय दिसेल? एसएसआय ४० वरून थेट १० टक्क्यांपर्यंत उतरला तरच फरक पकडता येईल. ४० चे २५ झाले तर रुग्णांच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट आहे, पण तुमचा पी-व्हॅल्यू (फरक नसताना योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) बहुधा ०.०५ च्या वरच राहील आणि निष्कर्षात ‘ड्रेनचा उपयोग नाही’ असं छापलं जाईल. हे चुकीचं विधान मग पुढच्या तीन बॅचेसचे थिसिस उद्धृत करत बसतात.

सम-विषम तारीख म्हणजे रँडमायझेशन (चिठ्ठी टाकल्यासारखी गटवाटणी) नव्हे. आज कोणता गट आहे हे कॅज्युअल्टीत सगळ्यांना आधीच माहीत असतं, त्यामुळे फार आजारी रुग्ण नकळत एका बाजूला ढकलला जातो किंवा अभ्यासातच घेतला जात नाही. संगणकावर काढलेली यादी, बदलत्या आकाराचे ब्लॉक (दोन्ही गट सारखे ठेवणारे रुग्णांचे छोटे संच), क्रमांक घातलेली अपारदर्शक सीलबंद पाकिटं, आणि पाकीट उघडायचं ते लिनिया अल्बा (पोटाच्या मध्यरेषेवरचा मजबूत पडदा) शिवून झाल्यावर. यादी विभागाबाहेरच्या माणसाकडे ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे: एकट्या विभागाच्या बळावर ट्रायल (गट पाडून उपचारांची तुलना) करू नका. तेच १८० रुग्ण घेऊन प्रॉस्पेक्टिव्ह कोहॉर्ट (गट न पाडता रुग्णांचा पुढे पाठपुरावा) करा. एसएसआय ३० टक्के निघाला तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्यात असण्याची खात्री ती मर्यादा) साधारण २३ ते ३७ येईल, आणि तो आकडा तुमच्या रुग्णालयाला खरोखर वापरता येईल. रिस्क फॅक्टर शोधताना मात्र हात आखडता घ्या. १८० मध्ये ५४ जखमा पिकल्या तर लॉजिस्टिक मॉडेलमध्ये (कोणत्या घटकाने धोका किती वाढतो याचं गणित) पाच व्हेरिएबल, त्याहून जास्त नाहीत, आणि ती आधीच ठरवून सिनॉप्सिसमध्ये लिहायची. वीस गोष्टी तपासून ज्यांचा पी कमी आला त्याच मॉडेलमध्ये घालणं ही थिसिसमधली सर्वांत सर्रास चूक आहे.

सर्जन_मिडलाइन

वरच्या उत्तराशी सहमत. मी जखमेबद्दल लिहितो, कारण सगळा अभ्यास शेवटी तिच्यावरच उभा आहे.

डिस्चार्जच्या दिवशी जखम बघून थांबलात तर निम्मा अभ्यास झालाच नाही. सीडीसीच्या (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) व्याख्येत सुपरफिशियल (त्वचा व तिच्याखालच्या) एसएसआयसाठी मुदत ३० दिवसांची आहे, आणि साध्या लॅपरोटॉमीत डीप (स्नायूंपर्यंतच्या) व ऑर्गन-स्पेस (पोटाच्या आतल्या) प्रकारांनाही तीच लागू होते. (९० दिवस हर्निया, इम्प्लांट अशा ठरावीक शस्त्रक्रियांना.) रुग्ण आठव्या-दहाव्या दिवशी घरी जातो, जखम बाराव्या दिवशी वाहू लागते, आणि तो गावच्या डॉक्टरकडे दोन टाके उघडून घेतो. तुमच्या तक्त्यात तो ‘एसएसआय नाही’ म्हणून बसतो. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी नोंद हवीच.

व्याख्या फॉर्मवर शब्दशः छापा. सुपरफिशियलसाठी यांपैकी एक पुरेसं आहे: जखमेतून पू येणे, निर्जंतुक पद्धतीने घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडणे, दुखणे, सूज, लाली किंवा उष्णता असताना सर्जनने जखम मुद्दाम उघडणे (कल्चर निगेटिव्ह आलं तर हे धरायचं नाही), किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं निदान करणे. नुसतं टाक्याच्या छिद्राशी आलेलं पुरळ आणि नुसतं सेल्युलायटिस (त्वचेचा पसरता दाह) मोजायचं नाही. सेरोमाचं (त्वचेखाली साचणाऱ्या स्वच्छ द्रवाचं) पाणी म्हणजे पू नव्हे. ड्रेनच्या अभ्यासात तर हा फरक फारच महत्त्वाचा, कारण ड्रेन मुख्यतः सेरोमाच कमी करतो.

परफोरेशनमध्ये वूंड क्लासने (जखम किती दूषित याची वर्गवारी) रुग्ण वेगळे करता येत नाहीत, जवळजवळ सगळे ‘डर्टी’च असतात. त्याऐवजी मॅनहाइम पेरिटोनायटिस इंडेक्स (आजाराची तीव्रता मोजणारे गुण) घ्या: वय ५० च्या वर ५, स्त्री ५, अवयव निकामी ७, कर्करोग ४, दुखणं सुरू होऊन २४ तास उलटलेले ४, मूळ मोठ्या आतड्याबाहेर ४, सर्वत्र पसरलेला पेरिटोनायटिस ६, गढूळ-पुवाळलेला द्रव ६ किंवा विष्ठामिश्रित १२. कमाल बेरीज ४७. २१ च्या खाली, २१ ते २९ आणि २९ च्या वर असे तीन गट पडतात. द्रवाचा रंग ऑपरेशन टेबलावरच लिहून घ्या. नोट्समधून मागाहून शोधलात तर सगळीकडे ‘पायोपेरिटोनियम’ (पोटात पू) एवढंच सापडेल.

शिवाय हे टिपा: अँटिबायोटिकच्या शेवटच्या डोसची वेळ आणि छेदाची वेळ, दोन्ही तास-मिनिटांत, लिनिया अल्बा कशाने व कशी शिवली, त्वचेखालच्या चरबीची जाडी सेंटिमीटरमध्ये, आणि पोट बंद करण्याआधी हातमोजे व हत्यारं बदलली का. शेवटची गोष्ट बारीक वाटते, पण भारतासह सात देशांत झालेल्या चीता ट्रायलमध्ये (लॅन्सेट, २०२२) १३,३०१ रुग्णांत एवढ्याच बदलाने एसएसआय १८.९ वरून १६.० टक्क्यांवर आला. तुमच्या एका युनिटमध्ये हे करत असतील आणि दुसऱ्यात नसतील, तर फरक ड्रेनचा की हातमोज्यांचा हे कळणार नाही.

जेआर१_सर्जरी

मनापासून आभार. कोहॉर्टचं गाइडशी बोलते. तीन अडचणी उरतात. काही रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी सेप्सिसने जातात, ते कुठे धरायचे? काहींची त्वचा आम्ही उघडीच ठेवतो, त्यांचं काय? आणि आमचे बरेच रुग्ण ऊसतोड कामगार आहेत. दिवाळीच्या आसपास टोळी निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत माणूस पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो. तिसाव्या दिवशी जखम कशी बघायची?

पीएसएम_बायोस्टॅट

मृत्यू: चौथ्या दिवशी गेलेल्या रुग्णाला ‘एसएसआय नाही’ म्हटलं तर सर्वांत आजारी माणसं निरोगी जखमेच्या रकान्यात जातात आणि टक्केवारी खोटी कमी दिसते. त्यांना वगळलं तरी चित्र बिघडतं. तीन आकडे वेगळे द्या: एसएसआय झालेले, एसएसआयआधी मृत्यू पावलेले, आणि ३० दिवस जिवंत राहून जखम नीट भरलेले. विश्लेषणात मृत्यूला कॉम्पिटिंग इव्हेंट (एसएसआय होण्याची शक्यताच संपवणारी घटना) धरा.

उघडी त्वचा: त्यांचा गट वेगळा. ‘त्वचा केव्हा उघडी ठेवायची’ याचा नियम आधी लिहा, नाहीतर सर्जनच्या मनावर राहील. सहसा सर्वांत घाण पोटंच उघडी ठेवली जातात, मग बंद केलेल्या जखमांचा आकडा आपोआप चांगला दिसतो.

स्क्रीनिंग रजिस्टर ठेवा. रात्री तीनला दुसऱ्या युनिटने केलेली केससुद्धा त्यात यायला हवी. किती आले, किती घेतले, का वगळले, किती हरवले.

सर्जरी_फॉलोअप

ऊसतोडीच्या प्रश्नावर. तिसाव्या दिवशी ओपीडीत येणं हाच एकमेव मार्ग ठेवलात, तर हंगामातले रुग्ण हरवणार. आणि हरवलेले लोक बाकीच्यांसारखे नसतात: ते लवकर कामाला लागतात, टाक्यांवर ताण पडतो, जखमेत धूळ-पाचट जाते. ‘लॉस्ट टू फॉलोअप’ म्हणून त्यांना सोडून देणं म्हणजे ज्यांची जखम बिघडण्याची शक्यता जास्त, त्यांनाच न मोजणं.

दाखल असतानाच दोन-तीन नंबर घ्या: स्वतःचा, गावी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचा, सोबत फडावर जाणाऱ्या नातेवाइकाचा. डिस्चार्जआधी प्रत्येक नंबर लावून बघा. मुकादमाचा नंबर शक्यतो नको. घ्यावाच लागला तर रुग्णाच्या लेखी संमतीने, आणि त्याच्याशी बोलताना आजार, ऑपरेशन यातलं काहीही उच्चारायचं नाही, फक्त ‘अमक्यांना फोन द्या’. उचल घेतलेल्या माणसाच्या आजाराची बातमी मुकादमाकडे गेली तर त्याच्या कामावर गदा येऊ शकते. आयईसीने विचारलं नाही तरी हे प्रोटोकॉलमध्ये लिहा.

फोन संध्याकाळी सातनंतर करा, तीन वेगवेगळ्या दिवशी प्रयत्न. प्रश्न त्यांच्याच शब्दांत आणि सगळ्यांना तेच: टाक्यांतून पू किंवा पाणी येतंय का? रंग कसा, वास येतो का? कपड्याला डाग पडतो का? जखम कुठे उघडली आहे का? दुसऱ्या दवाखान्यात टाके उघडले, नवीन गोळ्या-इंजेक्शनं सुरू केली का? ‘जखम बरी आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. पहिल्या ३० रुग्णांचं फोनवरचं आणि प्रत्यक्ष तपासणीचं उत्तर शेजारी ठेवून किती जुळतं ते बघा. फोन करणारा ऑपरेशन करणारा नसावा.

जखमेचा फोटो मागवायचा तर संमतीपत्रात वेगळी ओळ हवी. चेहरा नको, अभ्यास क्रमांकाची चिठ्ठी शेजारी, आणि युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीच नाही.

संमतीबद्दलही: परफोरेशनचा रुग्ण शॉकमध्ये असेल तर नातेवाइकाची संमती घेऊन नोंद करता येईल, पण तो शुद्धीवर, बोलण्याजोगा झाला की त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची. अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. सीटीआरआयची (भारतातली क्लिनिकल ट्रायल नोंदवही) नोंदणी मोफत आहे, पण १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. आयईसीचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात ती उरका.

मायक्रो_लॅब

एकच भर. उघड्या जखमेच्या वरवरच्या स्वॅबमध्ये त्वचेवरचे जंतू येतात आणि त्यालाच एसएसआयचा जंतू म्हणून लिहिलं जातं. आधी सलाइनने जखम धुवा, मग खोलातला पू सिरिंजमध्ये ओढा किंवा ऊतीचा तुकडा द्या, दोन तासांत लॅबला पोचवा. फॉर्मवर ‘पस सी/एस’ (पूचं कल्चर व सेन्सिटिव्हिटी) एवढंच लिहू नका, हेही लिहा: शस्त्रक्रियेची तारीख, कितवा दिवस, चालू अँटिबायोटिक. पोट उघडल्यावर घेतलेल्या द्रवाचं कल्चर आणि नंतरच्या जखमेचं कल्चर एकाच अभ्यास क्रमांकाने पाठवा, म्हणजे पोटातला जंतू जखमेत आला की वॉर्डातून लागला हे ताडून बघता येईल.

जेआर१_सर्जरी

गाइड कोहॉर्टला तयार आहेत. पाच व्हेरिएबल: मॅनहाइम स्कोर, मधुमेह, त्वचेखालची जाडी, शस्त्रक्रियेचा वेळ, हातमोजे-हत्यारं बदलली का. ड्रेनची फक्त नोंद ठेवणार, त्यावर निष्कर्ष नाही. फोनचे प्रश्न उद्या इथेच टाकते, शब्द तपासून द्या.